एकट्याची पहिली खेप



आपल्या गावातल्या चार पोरांनी यंदा जड गाडीचे लायसन काढले. त्यांतले दोघे सोमवारपासून कांद्याच्या गाडीवर जाणार आहेत. आतापर्यंत दुसऱ्याच्या शेजारी बसून गेले, आता एकटे जाणार. त्यांच्या आया आल्या आहेत, बायका आल्या आहेत. म्हणून आज वर्गात नेहमीचा धडा घ्यायचा नाही, या कामाविषयी बोलायचे असे ठरले.

मी काही ड्रायव्हर नाही. माझा जन्म खडू धरण्यात गेला. पण माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले आज ट्रक चालवतात. दिवाळीला घरी येतात, ओसरीवर बसतात, मी त्यांना खोदून खोदून विचारतो. त्यांनी सांगितले ते, आणि कायद्याच्या पुस्तकात वाचले ते, असे दोन्ही मिळून आज सांगतो.

आधी लायसनचे सांगतो, कारण मागे बसलेली लहान पोरे उतावीळ दिसतात. मालाची गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागते. हलक्या गाडीचे लायसन आधी असावे लागते, आणि ते काढून एक वर्ष झालेले असावे लागते. मगच मोठ्या गाडीचे शिकाऊ लायसन मिळते. सरकारमान्य मोठ्या केंद्रात जड गाडीचे शिक्षण सहा आठवड्यांचे आहे, त्यात ३८ तास शिकवतात. पूर्वी आठवी पास असल्याशिवाय हे लायसन मिळत नसे. २०१९ साली सरकारने ती अट काढली. त्यामुळे पुष्कळांची सोय झाली. पण रस्त्यावरच्या पाट्या, काट्याची चिठ्ठी, बिल्टी, दंडाचा फोनवर आलेला कागद, हे सारे वाचावे लागतेच. ते वाचायला ड्रायव्हर दुसऱ्याकडे गेला, की तो दुसऱ्याच्या हातात सापडला. तुम्ही या वर्गाला येता ते वाया जाणार नाही, एवढे समजा.

आता मुख्य गोष्ट.

शिकताना शेजारी उस्ताद असतो. तो शिव्या देतो, चहा आणायला पिटाळतो, पण तो असतो. कुठे गिअर उतरवायचा, कुठल्या धाब्यावर थांबायचे, कुठल्या वळणावर मोटारसायकली आडव्या येतात, हे तो सांगतो. मुख्य म्हणजे "आता बास, बाजूला घे," हे तो सांगतो. एकटे निघाले, की हे सांगणारा उरत नाही. गाडी चालवायला शाळेत शिकवतात. पण गाडी कुठे आणि कधी थांबवायची, हे एकट्याने ठरवायचे असते. माझ्या ड्रायव्हर मुलांना मी विचारले, पहिल्या खेपेला सगळ्यांत अवघड काय वाटले? बहुतेकांनी हेच सांगितले. घाट अवघड वाटला नाही, गर्दी वाटली नाही. थांबणे अवघड वाटले.

आपल्या भागातली खेप घेऊ. पिंपळगावला किंवा लासलगावला कांदा भरला आणि दिल्लीच्या आझादपूर मंडईत न्यायचा. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर. मग मध्य प्रदेशात सेंधवा, इंदूर, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर. पुढे आग्रा आणि दिल्ली. रस्ता तेराशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी, टोलनाके, घाट, गावातली गर्दी धरून तासाला सरासरी ४५ किलोमीटर पडले तरी पुष्कळ झाले. आता भागाकार करा. वर्गात शिकलोच आहोत. तेराशे भागिले ४५, म्हणजे जवळ जवळ २९ तास नुसते चाक धरून बसायचे. शेठ म्हणतो, दोन दिवसांत पोचव. म्हणजे रोज साडेचौदा तास. तीन दिवस घेतले तर रोज दहा तासांच्या आत.

मोटार कामगारांसाठी १९६१ साली एक कायदा झाला होता. त्यात दिवसाचे काम आठ तास धरले होते, लांबच्या रस्त्यावर फार तर दहा. पाच तास चालवले की अर्धा तास विसावा घ्यावा असेही होते. पुढे ते सारे नव्या कायद्यात घातले गेले. कायद्याचे नाव बदलले, पण माणसाचे शरीर तेच आहे. दहा तासांपुढे डोळे ऐकत नाहीत.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, त्याला आवडायचे नाही. पहिलीच एकट्याची खेप. कांदा भरलेला. पहाटेचे तीन वाजले, गुणा मागे पडले. एकदम त्याच्या ध्यानात आले, की मागचा टोलनाका आपण कधी ओलांडला ते आठवतच नाही. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, पण मन जागेवर नव्हते. तो घाबरला. पुढे उजेड असलेला पेट्रोल पंप दिसला, तिथे त्याने गाडी आत घेतली.

आजकाल गाडी कुठे थांबली ते मालकाला घरबसल्या फोनवर दिसते. दहा मिनिटांत फोन आला.

"काय रे, थांबलास का?"

"शेठ, झोप आवरंना. दोन तास पडतो."

"आरं, मंडई चुकंल. बाजार उतरला तर कोण भरून देणार? चहा मार आन निघ."

"शेठ, उशीर झाला तर भाव जाईल. मला डुलकी लागली तर कांदा, गाडी आन मी, तिन्ही जाऊ."

शेठ रागावला. मुलगा झोपला. दोन तासांनी उठला, तोंड धुतले, निघाला. मंडईत उशीर झाला तो झालाच. शेठने त्याच्या पैशांतून हजार रुपये कापले. नंतर परत दिले का? नाही दिले. त्याची बायको मला म्हणाली, "गुरुजी, हजार रुपये म्हंजी आमचा आठवड्याचा किराणा." मी तिला म्हटले, बाई, खरे आहे तुझे. रागावू नको त्याच्यावर. पुढच्या खेपेला मात्र शेठने गाडी त्यालाच दिली.

झोपेचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. गाडी तासाला साठ किलोमीटरने चालली आहे. तासाचे ३,६०० सेकंद. म्हणजे एका सेकंदाला गाडी सुमारे १७ मीटर जाते. डुलकी किती वेळाची? एक, दोन, तीन म्हणेपर्यंत. तेवढ्यात गाडी पन्नास मीटर गेली. आपल्या शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत. तेवढे अंतर वीसपंचवीस टनांचे धूड आंधळे चालले, असा त्याचा अर्थ.

पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. दुपारी जेवणानंतरचीही तशीच. तंबाखूने, मिरचीने, मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही. लोक तोंडावर पाणी मारतात, त्याने पाच मिनिटे बरे वाटते. चहाचा गुण यायलाही वीस मिनिटे, अर्धा तास जातो. कुणी धाब्यावर जागण्याच्या गोळ्या देतो, त्याला हात जोडावे. गोळी झोप पुढे ढकलते, आणि मग ती एकदम येते. झोपेवर झोप हाच उपाय. वीस मिनिटे पडले तरी पुष्कळ तरतरी येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एअरकंडिशन सक्तीचे झाले. चांगले झाले. उन्हाळ्यात इंजिनाच्या उकाड्याने ही पोरे भाजून निघत. पण एक जण हसत मला म्हणाला, "गुरुजी, गार हवेत तर झोप आणखीच गोड लागते."

आता घाटाचे ऐका. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

तुम्ही बैलगाडी उतारावरून नेली आहे. कासरा कधी आवळता? अर्धा उतार गेल्यावर? तोवर गाडी बैलांच्या अंगावर येते. शहाणा गाडीवान उतार लागायच्या आधीच बैल आवरतो. ट्रकचेही तसेच. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. गिअर वरच उतरवून घ्यायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेकवर भार कमी पडतो. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली तर ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी आवरत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन फिरते, त्याच्या जोरावर एक पंप टाकीत हवा भरतो. पेडल दाबले की त्या टाकीतली हवा खर्च होते. आता कुणी डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले, तर काय होईल? कणगीत धान्य टाकणारा थांबला आणि काढणारा काढतोच आहे. हवा संपत जाते. स्टिअरिंगही दगडासारखे जड होते. निघायच्या आधी हवेचा काटा पाहावा. टाकी भरल्याशिवाय गाडी हलवू नये.

इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केले तर? तेही तितकेच वाईट, कारण गाडीला धरणारे कुणी राहत नाही. आणि गंमत अशी, की त्याने डिझेल वाचतही नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला, की डिझेलचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला डिझेल जळत राहते. म्हणजे वाचवायला गेला आणि खर्च करून बसला.

पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मोठ्या गाडीने पुढच्या कितीतरी गाड्या ठोकरल्या. ब्रेक निकामी झाले असे आधी सगळे म्हणाले. नंतर गाडी तपासली तेव्हा ती उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे वृत्तपत्रांत आले. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर पुन्हा मोठा अपघात झाला, गाड्यांना आग लागली, माणसे गेली. आणि आपल्या स्वतःच्या रस्त्यावर, शिरपूरच्या पुढे पळासनेरला, ४ जुलै २०२३ ला उतारावरून आलेली मालगाडी वाहनांना धडकून हॉटेलात घुसली. दहा माणसे तरी गेली. त्यांत रस्त्याकडेला उभी असलेली साधी माणसे होती. सोमवारी जाणाऱ्यांनो, त्याच्या पुढेच बिजासनचा घाट आहे. जाताना भरलेली गाडी असेल, येताना दुसरा माल असेल. दोन्ही वेळा वरच थांबा, खाली उतरा, चाकांना हात लावून पाहा. चाक फार तापले असेल तर निवू द्या. मागचे भोंगे वाजवतील. वाजवू द्या.

आता वजन. दहा चाकी ट्रकला गाडीसकट पूर्वी २५ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती साडेअठ्ठावीस टन केली, म्हणजे २८,५०० किलो. काट्याच्या चिठ्ठीवर तीन आकडे असतात. एक भरलेल्या गाडीचे एकूण वजन, दुसरे रिकाम्या गाडीचे, तिसरे मालाचे. पहिला आकडा पाहायचा. समजा तो ३१,५०० आहे. म्हणजे तीन टन जास्त. दंड वीस हजार, आणि दर जादा टनाला दोन हजार. एकूण सव्वीस हजार. वर जादा माल तिथेच उतरवावा लागतो. काट्यावर जायला नकार दिला तर चाळीस हजार. आणि हा दंड गाडी चालवणाऱ्यालाही लागू आहे, नुसता मालकाला नाही. वजन वाढले की घाटात ब्रेकही तेवढेच जास्त तापतात, हे वेगळेच.

म्हणून बोलणे गाडी भरायच्या आधी करावे. भरून झाल्यावर कोण ऐकतो? खेपेचे किती, भत्ता किती, दंड झाला तर कोणाचा, अपघाताचा विमा आहे का, हे चार ओळींत कागदावर लिहून घ्यावे. शेठ म्हणेल, "माझ्यावर विश्वास नाही का?" नम्रपणे म्हणावे, "शेठ, विश्वास आहे, पण मला आठवत नाही, म्हणून लिहितो." कुणी मालक कागदावर लिहायला मुळीच तयार नसेल, तर त्याच्या गाडीवर जायचे की नाही याचा विचार घरी बसून करावा, धाब्यावर बसून नव्हे.

पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असे. डाव्या बाजूची नजर त्याची. गाडी मागे घेताना तो "येऊ द्या, येऊ द्या" करी. आता खर्च वाचवायला पुष्कळ मालक क्लीनर ठेवत नाहीत. मग डावी बाजू आंधळी. तिथेच सायकलवाला आणि शाळेतली पोरे असतात. एकट्याने गाडी मागे घ्यायची, तर आधी खाली उतरून एक फेरी मारावी. कंटाळा येतो, पण पोर चाकामागे खेळत असले तर आरशात दिसत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली, तर मागे शंभर पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवावा. रात्री उभ्या ट्रकवर मागून मोटारी आदळतात, त्या दिसले नाही म्हणूनच. काही जण झाडाची फांदी ठेवतात, ती अंधारात काय दिसणार? आणि चाकाला दगड लावला असेल, तर निघताना तो उचलून कडेला टाकायचा. आपला दगड तसाच रस्त्यात टाकून जाणाऱ्याला मी तरी ड्रायव्हर म्हणणार नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने त्याचे काय वाईट केले?

अपघात कुणालाही सांगून येत नाही. झालाच, तर जखमीला दवाखान्यात पोचवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य कायद्यात लिहिले आहे. जमाव मारायला धावला, तर जीव वाचवायला बाजूला होण्याची सवलतही त्याच कायद्यात आहे. पण मग नाहीसे व्हायचे नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जायचे, चोवीस तासांच्या आत खबर द्यायची. ११२ हा नंबर पोलीस आणि रुग्णगाडी दोन्हींसाठी आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. हे दोन आकडे आज सर्वांनी वहीत लिहून घ्या. बायांनीसुद्धा.

भगिनींनो, तुमच्याशीही थोडे बोलायचे आहे. नवरा, मुलगा लांब गेला की जीव टांगणीला लागतो. मग दर तासाला फोन होतो. तो चाक धरून असतो, फोन उचलतो, आणि नेमके तेव्हाच समोर काही येते. त्यापेक्षा वेळ ठरवा. सकाळी निघायच्या आधी तो करील, रात्री गाडी लावल्यावर करील. मधे फोन लागला नाही तर काळजी करू नका, तो गाडी चालवतो आहे असे समजा. आणि घरात पैशाची ओढ असली, तरी "आणखी एक खेप मार" असे त्याला म्हणू नका. शेठ तिकडून ढकलतो, घराने इकडून ढकलले तर तो थांबणार कुठे?

हे काम बायकांचे नाही असे कुणी म्हणेल. योगिता रघुवंशी यांचे नाव वृत्तपत्रांत पुष्कळदा आले आहे. मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, पुढे भोपाळला राहिल्या. वकिलीची पदवी घेतलेल्या. २००३ साली पती गेले. दोन मुले वाढवायची होती, म्हणून त्यांनी ट्रक हातात घेतला आणि राज्याराज्यांतून एकट्याने खेपा केल्या. मागे बसलेल्या मुलींनी हे ऐकून ठेवावे.

एक किरकोळ सांगायचे राहिले. कांदा असला म्हणजे ताडपत्री सारखी घट्ट आवळून ठेवू नका. पाऊस नसेल तर बाजूने वारा लागू द्या, नाहीतर कांद्याला घाम सुटतो. हे तुम्हा शेतकऱ्यांना मी काय सांगणार? पण रस्त्यावर गडबडीत विसरायला होते.

पुढच्या गुरुवारी वर्गात काट्याची चिठ्ठी आणि बिल्टी वाचायची आहे. कुणाच्या घरी जुन्या चिठ्ठ्या पडल्या असतील तर घेऊन या. दोन्ही गाडीवाले तेव्हा बहुधा ग्वाल्हेरच्या पलीकडे असतील. त्यांनी यावेळची आपली चिठ्ठी फेकू नये. परत आल्यावर तीच आपण फळ्यावर लिहू.